कंपवात, चुंबकीय उद्दीपन आणि आपले कर्तव्य

कंपवाताचा रुग्ण अलीकडे आपल्या चिकित्सालयात एक नवा प्रश्न घेऊन येतो. डोक्याला छेद न देता मेंदूस चुंबकीय स्पंदने देतात, ती घ्यावीत काय? ‘हे थोतांड आहे’ किंवा ‘घेऊन पाहा’, एवढ्यावर त्याची बोळवण करणे आम्हांस अनुचित वाटते.

कवटीबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्याने मेंदूचा बाह्यस्तर उद्दीपित करता येतो, हे 1985 साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. हीच स्पंदने पुनःपुन्हा दिल्यास परिणाम काही काळ टिकतो. 2020 साली युरोपीय तज्ज्ञगटाने कंपवातातील चलनविषयक लक्षणांसाठी व नैराश्यासाठी या उपचारास ‘संभाव्य उपयुक्त’ ही श्रेणी दिली. ‘निश्चित उपयुक्त’ ही नव्हे. व्याधीची वाटचाल त्याने थांबते, असे सिद्ध झालेले नाही.

आमची खरी चिंता वेगळीच आहे. नव्या उपचाराच्या भरवशावर रुग्ण लेव्होडोपाच्या गोळ्या परस्पर बंद करतो. त्या अकस्मात बंद केल्यास तीव्र ज्वर व स्तंभ उत्पन्न होऊन प्राणावर बेतू शकते. उलटपक्षी, गोळ्या चालू असताना आपण कपिकच्छू देतो. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपाच आहे, हे 1937 पासून ज्ञात आहे. दोहोंची मात्रा एकत्र झाली की हृल्लास, रक्तदाब उतरणे, अंगाच्या अनैच्छिक हालचाली संभवतात. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ असे म्हणून चूर्णाची पुडी हाती ठेवणाऱ्या औषधविक्रेत्या बंधूंनीही याचा विचार करावा.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे. चालू औषधांची यादी पाहिल्यावाचून कपिकच्छू देऊ नये. अपस्माराचा इतिहास, डोक्यात धातू, कानात बसविलेले श्रवणयंत्र किंवा हृदयाचा पेसमेकर असल्यास तो रुग्णाने मेंदूविकारतज्ज्ञास आधी सांगावा, असे त्यास बजावावे. अभ्यंग, स्वेदन, बस्ती यांचे नियोजन त्या तज्ज्ञाशी बोलून करावे आणि चाल, कंप, निद्रा, मलप्रवृत्ती यांची नोंद प्रत्येक भेटीत ठेवावी.

परक्या शास्त्राचा उपहास केल्याने आपले शास्त्र मोठे होत नाही, आणि त्याची भलामण केल्यानेही नाही. रुग्ण विश्वासाने आपल्यापाशी विचारावयास येतो. त्या विश्वासास पात्र ठरेल असे उत्तर आपल्यापाशी असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.