पान्याला झेंडू वाहणाऱ्यांनो!

यंत्राला हात लावला की पदवी बाटते, असा आम्हां सुशिक्षित मराठी मंडळींचा एक पक्का समज आहे. दसऱ्याला आपण पाने-पकडी पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो आणि मग वर्षभर त्यांना कोणाचा विटाळ होऊ नये म्हणून माळ्यावर टाकून देतो. न्यू जर्सीतल्या आमच्या वस्तीत मराठी घरं नऊ, त्यांत इंजिनिअर अकरा आणि वापरातला पाना एकाच घरात. ते घर माझं. म्हणूनच त्या नऊ घरांत माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात.

इथे घराच्या मागेपुढे गवत असतं आणि ते वाढू द्यायचं नसतं. गवत घोट्याच्या वर गेलं की शेजारी नुसतेच हसतात. आणखी वर गेलं की नगरपालिकेचं पत्र येतं. माझ्या वाट्याला असं पाऊण एकर आलेलं आहे. गावाकडे एवढ्यावर एखादी म्हैस सुखाने नांदली असती. इथे ते उगवतं ते केवळ कापण्यासाठी. त्याकरता मी बसून चालवायचा लॉन मोअर घेतला आहे. दिसायला छोटा ट्रॅक्टर, एकच सिलिंडर, आवाज मात्र एस्टीचा. त्याच्यावर बसलं की आपण सरपंच झालो आहोत असं उगीचच वाटतं.

गेल्या एप्रिलात या सरपंचाचा घोडा अडला. किल्ली फिरवली की अर्धा वेढा घ्यायचा आणि उचकी लागल्यासारखा थांबायचा. दुकानात फोन केला. वसंत ऋतूत तिथे तीन आठवड्यांची रांग, शिवाय यंत्र न्यायला-आणायला गाडी पाठवणार त्याचे पैसे वेगळे. तरी पाठवलं. परत आलं ते नवी बॅटरी, नवा स्टार्टर आणि तीनशे ऐंशी डॉलरचं बिल घेऊन. पंधरा दिवस बरं चाललं आणि पुन्हा उचकी! पुन्हा फोन केला तेव्हा पलीकडचा तरुण अत्यंत प्रेमाने म्हणाला, "इंजिनच गेलं असणार. आता नवीनच का घेत नाही?" घरचं माणूस तापाने फणफणलेलं असताना डॉक्टराने म्हणावं, "आता दुसरं आणा," तसं मला झालं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर शेती केलेले. त्यांनी कुंपणाशी येऊन ती उचकी एकदा ऐकली आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह." तपासणी फी शून्य. वर स्वतःचं फीलर गेज दिलं, म्हणजे चाकूच्या पात्यांसारख्या पातळ पट्ट्यांचा एक जुडगा.

त्याचं असं आहे. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा दाबत इंजिन फिरवणं हे एकट्या स्टार्टरला जड जाणारं काम. म्हणून कॅमशाफ्टवर एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. इंजिन सावकाश फिरतंय तोवर तो एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो. थोडी हवा निसटते, स्टार्टरला दम मिळतो. आणि इंजिनाने वेग घेतला की उंचवटा आपण होऊन बाजूला होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही असंच करावं, पण ते असो. तर व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट चालून चालून वाढली, की त्या उंचवट्याचा हात व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. मग स्टार्टर बिचारा भिंतीला धडका देतो. आणि आपण काय करतो? नवा स्टार्टर आणतो!

दुरुस्ती काय, तर ती फट पुन्हा कमी करायची. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि स्पार्क प्लगची टोपी काढायची. खालच्या पात्यांना विनोद कळत नाही. इंजिन थंड हवं. प्लग काढून भोकात प्लास्टिकची नळी धरायची आणि दाबाच्या फेरीत पिस्टन वर येऊन पुन्हा पाव इंच खाली उतरेपर्यंत इंजिन हाताने फिरवायचं. मग व्हॉल्व्हवरचं झाकण काढून पट्टीने फट मोजायची. माझ्या इंजिनाला हजारांश इंचाच्या हिशेबाने इनलेटला तीन ते पाच आणि एक्झॉस्टला पाच ते सात हवी. निघाली सोळा आणि अठरा! रॉकरवरचा नट फिरवून ती जागेवर आणली. सगळ्याला दोन तास लागले. त्यांतली चाळीस मिनिटं हातातून पडलेला एक बोल्ट माझ्याच गवतात शोधण्यात गेली.

मग सौ.ला आणि मुलाला बोलावून मी समारंभपूर्वक किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, छान फिरलं, फिरतच राहिलं, पण पेटेना. सौ. काही बोलली नाही. तिचं न बोलणं फार स्पष्ट असतं. दहा मिनिटांनी मुलानेच विचारलं, "बाबा, ही टोपी कसली?" प्लगची टोपी लावायची राहिली होती. ती लावली आणि सरपंच गर्जना करून उठले.

ही हकीकत मी आमच्या मंडळींना सांगितली, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "पण तुमच्या तासाचा दर काय पडतो?" हा हिशेब मला कधी कळलेला नाही. रविवारी दुपारी दोन ते चार मी झोपतो, त्याचे आजवर कोणी पैसे दिलेले नाहीत. दुसरे म्हणाले, "वॉरंटी जाते." माझी संपून सहा वर्षं झाली, पण १९७५ सालापासून अमेरिकेत मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. अमक्याच दुकानात सर्व्हिसिंग केलं नाही, एवढ्यावर कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. कॉलराडो राज्याने २०२३ साली कायदा केला, की शेतीची यंत्रं विकणाऱ्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भागही शेतकऱ्याला द्यावेत. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याने स्वतःच्या यंत्राला हात लावता यावा म्हणून विधिमंडळापर्यंत भांडायचं, आणि आमच्या मेकॅनिकलवाल्यांनी हात फुकट मिळालेले असूनही खिशात ठेवायचे!

खरं कारण पैशाचंही नाही आणि वेळेचंही नाही. ते आहे कॉलेजच्या फिटिंग शॉपमध्ये. पहिल्या वर्षाला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा असतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो तिथल्या मदतनिसाला चहापाणी देऊन घासून घेतला. तुकडा त्याचा, मार्क आमचे. तेव्हापासून आमचा एकच काटकोन पक्का झाला: यंत्राकडे बघून वळायचं! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, हे आम्ही भाषणात सांगतो. त्यांचे हात काळे झाले असतील, हे सांगत नाही.

पेट्रोलचंही तेच. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. हिवाळाभर टाकीत ठेवलं की कार्ब्युरेटरच्या वाटीत चिकट गाळ धरतो आणि सुईएवढं जेट बुजतं. थंडीआधी इंजिन चालवून टाकी कोरडी करायची, एवढाच उपाय. (पुण्यात स्कूटर ठेवून सहा महिने नातवंडांकडे येणाऱ्या आजोबांनीही हे ध्यानात धरावं, तिकडे आता वीस टक्के आहे.) पण नाही! वसंत आला की आमच्या वस्तीत जेट बुजलेलं आख्खं यंत्र रस्त्याच्या कडेला ठेवतात, आणि कोणी तरी ते उचलून नेऊन दोन तासांत चालू करतो. तो इंजिनिअर नसतो.

परवा रात्री तासाच्या दराचा हिशेब विचारणाऱ्या त्याच स्नेह्यांचा फोन आला. आवाज खाली होता. "अहो, आमचा मोअर अर्धा वेढा घेऊन थांबतोय. बॅटरी नवीन घातली."

"मग?"

"ते तुमचं गेज... जरा येता का घेऊन?"

मी म्हटलं, "गेज देतो. पण पाना तुम्ही धरायचा."

थोडा वेळ पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मग प्रथम वर्गात मेकॅनिकल उत्तीर्ण झालेल्या त्या गृहस्थांनी विचारलं, "बरं, पण नट सैल करायला उजवीकडे फिरवायचा की डावीकडे?"