परीक्षेचा अर्ज चुकवू नका, पदवी हातची घालवू नका

पदवीच्या कोणत्याही वर्षात शिकणारे विद्यार्थी, मध्येच शिक्षण सुटलेले तरुण-तरुणी, त्यांचे आईवडील, सासरची मंडळी आणि गावोगावचे सरपंच, शिक्षक, ग्रंथपाल या सर्वांना,

नोकरीची सगळी वर्षं मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात परीक्षा विभागाच्या टेबलावर काढली. त्या अनुभवावरून आज एक कळकळीची विनंती करतो आहे. विषय राहिला म्हणून कोणाची पदवी बुडत नाही. विषय पुन्हा देता येतो, आणि केटी घेऊन पुढे गेलेली कितीतरी मुलं आज चांगल्या नोकऱ्यांत आहेत. पदवी बुडते ती तारीख उलटल्यामुळे. परीक्षेचा अर्ज भरायचा राहतो, एक सत्र जातं, मग वर्ष जातं. मुलगा कामाला लागतो, मुलीचं लग्न होतं, आणि काही वर्षांनी विद्यापीठाच्या नोंदीतली तिची किंवा त्याची मुदतच संपते. अभ्यासात कमी नसलेली मुलं अशी बाहेर पडताना मी पाहिली आहेत. ही गळती थांबवता येण्यासारखी आहे, म्हणून हे आवाहन.

आधी तारखांचं बोलू. बहुतेक विद्यापीठांत वर्षातून दोनदा परीक्षा होते, हिवाळी आणि उन्हाळी. प्रत्येक परीक्षेआधी विद्यापीठाचा परीक्षा विभाग परिपत्रक काढतो. त्यात साधारणपणे तीन मुदती दिलेल्या असतात: नियमित शुल्काची, विलंब शुल्काची आणि अतिविलंब शुल्काची. तिसरी मुदत संपली की पोर्टल बंद होतं आणि मग प्राचार्यांच्या हातातही फारसं काही उरत नाही. पुष्कळ मुलं दुसरी किंवा तिसरी मुदत हीच आपली मुदत धरून चालतात. तसं करू नका. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर अडकतो, पैसे खात्यातून कापले जातात पण विद्यापीठाकडे पोचत नाहीत, आणि तक्रार करायला वेळ राहत नाही. नियमित शुल्काच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज भरून मोकळं व्हा.

पैसे भरले म्हणजे काम झालं, असंही समजू नका. अर्जाची प्रिंट महाविद्यालयात द्यावी लागते आणि महाविद्यालयाने आपल्या लॉगिनमधून तो अर्ज मंजूर करावा लागतो. तुमच्या लॉगिनमध्ये अर्जापुढे ‘पेंडिंग’ असं दिसत असेल तर हॉल तिकीट निघणार नाही. प्रिंट दिल्यावर कार्यालयाकडून पोच घ्या आणि ती परीक्षा संपेपर्यंत जपून ठेवा. अर्ज भरताना चालू सत्राच्या विषयांबरोबर राहिलेले विषयही निवडले आहेत ना, हे दोनदा तपासा. चालू विषयांची नोंद झाली, मागच्या सत्रातला राहिलेला पेपर निवडायचाच राहिला आणि ते पेपरच्या दिवशी लक्षात आलं, असं दर परीक्षेला कोणाच्या तरी बाबतीत होतं.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असेल तरी त्या विषयाचा अर्ज भरून ठेवा. निकाल तुमच्या बाजूने लागला तर एका पेपरचं शुल्क वाया गेलं एवढंच होईल. निकालाची वाट पाहत बसलात आणि तो उशिरा आला, तर अख्खं सत्र जाईल. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणं आणि पुनर्मूल्यांकन करून घेणं हा तुमचा हक्क आहे. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण विद्यापीठाकडे या अर्जांची मुदत निकालाच्या दिवसापासून मोजली जाते आणि ती थोड्याच दिवसांची असते. निकाल लागला की दोन दिवसांत ठरवा.

आता एक प्रसंग सांगतो. डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवरची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आईवडील ऊसतोडणीला जाणारे. अर्ज तिने बाजाराच्या गावात एका सेवा केंद्रावर भरला आणि दिवाळी झाल्यावर टोळीबरोबर कारखान्यावर गेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉल तिकीट न्यायला ती माझ्या टेबलाशी आली. बोटांवर पाचटाचे ओरखडे होते आणि हातात अर्जाची प्रिंट जपून चौघडी करून धरलेली होती. मी अर्ज उघडून पाहिला. मोबाइल नंबराच्या रकान्यात सेवा केंद्र चालवणाऱ्याचा नंबर, ईमेलही त्याचाच. पैसे भरताना व्यवहार अर्धवट राहिला होता. तसा मेसेज आलाही असेल, पण तो गेला त्या केंद्रचालकाच्या फोनवर, आणि त्या फोनवर असे किती मेसेज येत असतील! मुलीला काहीच कळलं नाही. तिचं ते सत्र गेलं. अभ्यास झाला होता, वह्या पूर्ण होत्या, आणि तिला परीक्षेला बसता आलं नाही.

म्हणून विनंती आहे की अर्जावर नंबर घरातल्या माणसाचाच द्या. तुमचा फोन नसेल तर भावाचा, चुलत्याचा, शेजारच्या मास्तरांचा द्या, पण मेसेज आला तर तुम्हाला सांगेल अशा माणसाचा द्या. सेवा केंद्र चालवणाऱ्या बंधूंनीही घाईत स्वतःचा नंबर टाकू नये. पासवर्ड विद्यार्थ्याला कागदावर लिहून द्यावा आणि पैसे जमा झाल्याची पावती हातात दिल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.

ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांना वेगळं सांगावंसं वाटतं. साखर कारखान्यांचा हंगाम आणि हिवाळी परीक्षेचा काळ एकमेकांवर येतात. मुकादमाकडून उचल घेतली की निघण्याचा दिवस साधारण ठरलेला असतो. त्या दिवसाआधी मुलाचा किंवा मुलीचा परीक्षेचा अर्ज भरला गेला आहे का, एवढं विचारा. अर्ज भरलेला असेल तर परीक्षेपुरतं गावी परतणं जमवता येतं. अर्जच नसेल तर परतूनही उपयोग होत नाही. 75 टक्के हजेरीच्या अटीचीही भीती अनेकांना वाटते. कारण खरं असेल तर ते लपवू नका. स्थलांतराचं, आजारपणाचं जे कारण असेल ते अर्ज करून प्राचार्यांना आधीच कळवा. टर्म मंजूर करताना आधी आलेल्या अर्जाचा विचार होऊ शकतो. ऐनवेळी सांगितलेल्या कारणाचा होणं अवघड असतं.

लग्न झालेल्या मुलींच्या सासरच्या मंडळींना हात जोडून सांगतो की सुनेची पदवी पुरी होऊ द्या. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे हजेरी कमी पडली, अर्जाची तारीख चुकली, तर मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना हजेरीत सवलत आणि परीक्षेचा अर्ज भरण्यास मुदतवाढ देण्याविषयी सांगितलं आहे. त्या पत्राचा दाखला देऊन लेखी अर्ज करा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट म्हणजे परीक्षेच्या अर्जावरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच ठेवा. आधार कार्डावर सासरचं नाव चढलं आणि अर्जावर माहेरचं राहिलं की मुली घाबरतात, आणि घाबरून अर्जच भरत नाहीत. विद्यापीठाची नोंद मूळ नावाने चालते. नाव बदलायचंच असेल तर ते पदवी हातात आल्यावर करता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाची मुदत, ती म्हणजे एकूण वर्षांची. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे अभ्यासक्रमाची नेहमीची मुदत आणि वर दोन वर्षं, एवढ्या काळात पदवी पूर्ण करावी लागते. विद्यापीठं याला ‘एन प्लस टू’ म्हणतात. 2021 मध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्याची तीन वर्षं 2024 मध्ये संपली, आणि या हिशोबाने वरची दोन वर्षं 2026 मध्ये संपतात. अपवादात्मक परिस्थितीत आणखी एका वर्षाची सोय सूचनेत आहे, पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. काही विद्यापीठं मुदत संपलेल्यांसाठी मधूनमधून ‘विशेष संधी’ जाहीर करतात. तिची बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि अर्जाची मुदतही थोडी असते. ज्यांचे एकदोन विषय राहिले आहेत त्यांनी दर सत्राला विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची परिपत्रकं पाहायची सवय ठेवावी. अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला की जुन्या पॅटर्नच्या परीक्षा मोजकीच सत्रं घेतल्या जातात, हेही ध्यानात असू द्या.

वर्षावर्षांतली अटही पाहा. बऱ्याच अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. दुसऱ्या वर्षात असताना पहिल्या वर्षाचा विषय मागे ठेवणं म्हणजे तिसरं वर्ष धोक्यात घालणं. व्यावसायिक शिक्षणात नियम अधिक कडक आहेत. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षासाठी चारच प्रयत्न मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम संपवावाच लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली शिकणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत. मध्येच थांबावं लागलं तरी झालेलं शिक्षण वाया जाऊ नये, अशी ही रचना आहे. पहिलं वर्ष पूर्ण झालं तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षं पूर्ण झाली तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी वर्षाच्या क्रेडिट्सशिवाय कौशल्याच्या किंवा इंटर्नशिपच्या चार क्रेडिट्स जास्तीच्या मिळवाव्या लागतात. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करायची असते. मिळवलेल्या क्रेडिट्स ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. मात्र महाविद्यालयात यायचं बंद केलं म्हणजे बाहेर पडलो, असं होत नाही. त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. शिक्षण थांबवायची वेळ आलीच तर न सांगता जाऊ नका. कार्यालयात या, अर्ज द्या, क्रेडिट्स आपल्या खात्यात दिसतात का पाहा, आणि मगच जा. परत यायचा रस्ता त्यामुळे मोकळा राहतो.

पैशाअभावी अर्ज राहत असेल तर तेही बोला. शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या भागातल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी मिळते. 2023 मध्ये राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा ही सवलत लागू झाली होती. मागास प्रवर्गांतल्या पात्र विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरच्या योजनांतून परीक्षा शुल्क मिळतं. पण या कोणत्याही सवलतीसाठी परीक्षेचा अर्ज वेळेत भरलेला असावा लागतो. माफी मिळेल म्हणून अर्ज थांबवून ठेवू नका.

महाविद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांना आणि विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांनाही काही सांगायचं आहे. परिपत्रक नोटीस बोर्डावर लावलं की आपलं काम संपत नाही. ज्यांचे विषय राहिले आहेत ते विद्यार्थी महाविद्यालयात येतच नाहीत, त्यांना बोर्ड कुठून दिसणार? त्यांची यादी आपल्याकडे तयार असते. मुदत संपायच्या आठ दिवस आधी त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करा, स्वच्छ मराठीत मेसेज पाठवा. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नाही किंवा फीची बाकी राहिली म्हणून कोणाचा परीक्षेचा अर्ज अडवू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा असतो आणि 45 दिवसांच्या आत तो लागलाच पाहिजे. मागच्या परीक्षेचा निकाल लागलेला नसताना पुढच्या अर्जाची मुदत संपवणं हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे. तारखांची शिस्त आपण मुलांकडून मागतो, तर ती आधी आपण पाळली पाहिजे.

ज्यांची सगळी मुदत संपून गेली आहे त्यांनीही निराश होऊ नये. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी, शेती, घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच काम करतं आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही आहे. आयोगाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांत या विद्यापीठांची पदवी नोकरीला आणि स्पर्धा परीक्षांना चालते. जवळचं अभ्यास केंद्र शोधा आणि प्रवेशाची तारीख विचारा.

शेवटी गावकऱ्यांना विनंती. ग्रामपंचायतीच्या फलकावर करवसुलीची सूचना लागते, तिथेच परीक्षा अर्जाच्या तारखाही लिहा. वाचनालयात, तरुण मंडळात एखादी वही ठेवा आणि गावातल्या कोणाची पदवी कुठे अडली आहे, त्याची नोंद करा. फॉर्म भरायला माहितगार असलेल्या एकाने त्या मुलांबरोबर सेवा केंद्रावर जावं. एवढ्या कामाला निधी लागत नाही, समिती लागत नाही.

प्रत्येकाला आपल्या नात्यातला, गल्लीतला असा एक तरी मुलगा किंवा मुलगी आठवेल, जिचे किंवा ज्याचे दोनतीन विषय राहिले आणि मग विषयच निघाला नाही. आज त्यांना फोन करा. प्रवेश कोणत्या वर्षी घेतला होता ते विचारा, मुदत किती उरली आहे ते मोजा, आणि पुढच्या सत्राचा अर्ज त्यांच्याकडून भरून घ्या.

आपला,
महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातला एक निवृत्त कर्मचारी