उंची खुंटते ती वंशामुळे नव्हे

भारतीय मुले वंशतःच ठेंगणी, त्यांना जागतिक मापदंड लावणे अन्यायाचे, असा युक्तिवाद पुन्हा पुन्हा मांडला जातो. विज्ञानाच्या कसोटीवर तो टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मापदंड ज्या सहा देशांतील बालकांवरून ठरले, त्यांत भारतही होता. दक्षिण दिल्लीच्या सुस्थित घरांतील स्तनपान मिळालेली मुले नॉर्वेतील मुलांच्या बरोबरीने वाढली.

मग २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भागातील पाच वर्षांखालील ३७.३ टक्के मुले खुजी का आढळली? उत्तर त्याच अहवालात आहे. देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रासलेल्या. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११.३ टक्के.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरदार वगळता, प्रत्येक गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता पाच हजारांवर आणला; दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तरच लाभ. म्हणजे पोटातल्या मुलाची भूक लिंग पाहून ठरणार काय? मोजपट्टी आखूड करण्याची धडपड सोडून कायद्यातले देणे आधी पुरते चुकवावे.