अश्वगंधा: मुळांच्या मालात पाला नको

अश्वगंधा लावली असेल, तर काढणीआधी हे वाचा. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार अश्वगंधा म्हणजे वाळवलेले पक्व मूळ, पाला नव्हे. पण पाल्यातही विथानोलाइड असतात. विथाफेरिन-ए तर मुळांपेक्षा जास्त. म्हणून स्वस्त पाला अर्कात जाऊ लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवरच बंदी घातली. अशा वेळी मालाच्या शुद्धतेविषयी शंका परवडणारी नाही.

केवळ विथानोलाइडची टक्केवारी पाहणारी चाचणी इथे फसते. माझ्या मते, टक्केवारीवर भाव ठरवणाऱ्या खरेदीनेच पाल्याला वाट करून दिली. भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की मुळांचे पिष्टकण दिसतात आणि पाला असेल तर त्याची पर्णरंध्रेही. औषधी वनस्पतींची ओळख पटवणारे फार्माकोग्नोसी हे शास्त्र नेमके हेच शिकवते.

साधारण १५० ते १८० दिवसांनी पाने सुकू लागली, फळे लाल झाली, की झाडे मुळासकट उपटा. खोड मुळाच्या माथ्याजवळ छाटा, मुळे स्वच्छ करून वाळवा. पाल्याचा ढीग मुळांच्या खळ्यापासून दूर ठेवा. कुणी पाला मागितलाच, तर कशासाठी ते विचारा आणि पावतीवर ‘पाला’ असेच लिहून घ्या.