संगमरवर नाही, रंग आहे



गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेले होते. तिच्या बैठकीत पुस्तकांचं एक जुनं इंग्रजी कपाट आहे, एकोणिसाव्या शतकातलं. त्याच्या दोन्ही खांबांवर आणि वरच्या पट्टीवर हिरवा संगमरवर दिसतो, मधून पांढऱ्या शिरा. पण तो दगड नाहीच, साध्या पाइनच्या लाकडावर केलेलं रंगकाम आहे. विकणाऱ्याने पावतीवर तसं स्वच्छ लिहून दिलं होतं.

एकदा लेकीची मैत्रीण चहाला आली. "काय सुंदर मार्बल आहे हो काकू!" म्हणाली. मी नुसती हसले.

रात्री नातीने विचारलं, "आजी, तुला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी राग कपाटावर काढला. असलं फसवं सामान घरात आणायचंच कशाला? जॉन रस्किन या इंग्रज विचारवंतानेही १८४९ साली 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या पुस्तकात लाकूड संगमरवरासारखं रंगवणं ही फसवणूकच ठरवली होती. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. चला, दोष कपाटाचा!

मग तिने मला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची माहिती दाखवली. तिथे थॉमस केरशॉ या कारागिराने रंगवलेले नकली संगमरवराचे नमुने जपून ठेवले आहेत. १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं होतं. या कामात आधी अस्तराचा रंग देतात, त्यावर पातळ, पारदर्शक तेलरंग. पिसाच्या टोकाने शिरा ओढायच्या, मऊ ब्रशने त्या विरघळल्यासारख्या करायच्या, वर वॉर्निश. हे ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असत. ते मात्र मला रुचलं नाही. पण बक्षीस मिळालं ते रंगकाम म्हणूनच. तिथे कोणी कोणाला फसवत नव्हतं.

शिवाय संगमरवर पाइनच्या लाकडापेक्षा पाचेक पट जड. कपाटाच्या डोक्यावर तो चढवायचा कसा, आणि परवडणार कोणाला? रंगवणं ही अडचणीतून काढलेली वाट होती.

म्हणून माझं मत बदललं. क्रोध, मान, माया, लोभ ही नावं आपल्याला तोंडपाठ असतात. माया त्या कपाटात नव्हती, माझ्या हसण्यात होती. आणि तिला बोलावून आणलं ते मानाने.

आपल्याकडच्या एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांचंही तसंच. सोनं परवडत नाही किंवा प्रवासात जोखीम नको म्हणून ते घातले, तर तो शहाणपणा. पण लग्नात कोणी "किती तोळ्यांचा?" विचारलं आणि आपण नुसतं हसलो, तर खोटेपणा दागिन्याचा नाही, आपला. नकली वस्तू वापरण्यात कमीपणा नाही. न बोलता खोटं बोलणं हे मात्र खोटंच, आणि पोरं ते बघत असतात.

दोन दिवसांनी ती मैत्रीण पुन्हा आली. मी आपणहून सांगितलं, "अगं, ते मार्बल नाही, लाकडावरचा रंग आहे."

तिने खांबाला हात लावला. "खरंच की, गार लागत नाही!" म्हणाली, आणि खाली वाकून एकेक शीर बघत बसली. चहा निवला तरी उठेना.