अँटेना कितीही फिरवला तरी चित्र का येत नाही? खान्देशातल्या छतांसाठी सोपा उलगडा

जळगाव-धुळे पट्ट्यात अनेक घरांच्या धाब्यावर आजही आडव्या काड्यांचा जुना अँटेना उभा दिसतो. एक जण वर पाइप फिरवतोय आणि दुसरा खालून 'आलं, आलं... गेलं!' म्हणून ओरडतोय, हा एके काळी रविवारचा ठरलेला कार्यक्रम होता. आज मात्र तोच अँटेना कोणत्याही दिशेला वळवला तरी पडद्यावर मुंग्याच दिसतात. दोष अँटेनाचा नाही. त्याला हवा असलेला सिग्नलच आता हवेत नाही.

नेमके काय झाले?

दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद झाले. मोक्याच्या जागांवरील सुमारे ५० केंद्रे वगळता बाकीची ३१ मार्च २०२२पर्यंत बंद होतील, असे प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१मध्ये जाहीर केले होते. डिजिटल भूप्रक्षेपण सुरू झाले, तेही मुंबई, औरंगाबाद अशा निवडक शहरांत. त्यामुळे खान्देशात जुन्या अँटेनासाठी नवी वायर किंवा बूस्टर घेणे म्हणजे कोरड्या विहिरीवर नवी मोटर बसवणे.

मग मोफत टीव्ही संपला का?

नाही. डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४पासून सुरू आहे. छत्री, बॉक्स आणि वायरचा खर्च एकदाच होतो, महिन्याचे भाडे नसते. सह्याद्री वाहिनीही त्यावर दिसते. ज्या घरात दर महिन्याचे रिचार्ज परवडत नाही, तिथे बातम्या, शेतीचे कार्यक्रम आणि हवामानाचा अंदाज याच छत्रीतून येतो. म्हणून ती बंद पडणे ही केवळ करमणुकीची अडचण नाही.

बिघाड कुठे आहे, कसे ओळखायचे?

बॉक्सच्या मेन्यूमध्ये सिग्नलचे दोन आकडे दिसतात : 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी'. निम्मे निदान तिथेच होते.

• दोन्ही शून्य : वायर तुटलेली, जोड सैल किंवा छत्रीपुढचा एलएनबी खराब. उन्हाने वायरचे आवरण तडकते आणि पावसाळ्यात जोडात पाणी शिरते. आधी बॉक्सचा प्लग काढा, मग जोड उघडून कोरडा करा. तांब्याची तार काळी पडली असेल तर टोक कापून नवा जोड लावा.

• स्ट्रेंग्थ आहे, क्वालिटी शून्य : छत्री हलली आहे. वैशाख-ज्येष्ठातल्या वादळी वाऱ्यानंतर हे हमखास होते.

• दोन्ही ठीक, पण एखादाच चॅनल गायब : हा बहुधा बिघाड नसतो. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, मुदत संपली की काही जातात, काही नव्या येतात. बॉक्सवर पुन्हा स्कॅन करा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ वाहिन्या दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

• फक्त मुसळधार पावसात चित्र जाते : थेंब या लहरी शोषून घेतात. छत्रीला हात लावू नका, पाऊस ओसरला की चित्र परत येते.

छत्रीची दिशा कोणती?

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जळगाव आणि धुळ्याहून तो आग्नेयेला, मोबाइलच्या होकायंत्रावर १३७-१३८ अंशांच्या आसपास आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. लोखंडी पत्र्याजवळ होकायंत्र चुकते, म्हणून मोकळ्या जागेत उभे राहून दिशा ठरवा. छोटी छत्री दिसते त्यापेक्षा बरेच वर पाहत असते, त्यामुळे ती उभी वाटली तरी घाबरू नका. बोटभर सरकवा, थांबा, आकडा पाहा.

त्या बाजूला कडुनिंब वाढला आहे का, हे सूर्यच सांगतो. मार्चचा दुसरा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा या काळात सकाळी अकराच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्याच रेषेत येतो. त्या वेळी छत्रीवर झाडाची किंवा भिंतीची सावली पडत असेल, तर अडथळा तिथेच आहे. याच दिवसांत काही मिनिटे चित्र आपोआप बिघडते, तोही दोष नव्हे.

जिवापेक्षा चित्र मोठे नाही

धाब्याला कठडा नसतो, पत्रा वाकतो आणि गल्लीतून विजेच्या तारा गेलेल्या असतात. लोखंडी पाइप तारेला टेकला तर सुटकेला वेळ मिळत नाही. ओल्या छतावर, वाऱ्यात किंवा वीज कडाडत असताना वर चढू नका. निकामी झालेले जुने अँटेनेही वादळाआधी, तारांपासून जपून उतरवून ठेवलेले बरे.

जुने प्रक्षेपण बंद करण्यामागे कारणे होती. पण प्रक्षेपण बंद करणे सोपे असते, तो निर्णय प्रत्येक धाब्यापर्यंत पोहोचवणे अवघड. उपग्रहाची दिशा, दोन आकड्यांचा अर्थ आणि विजेच्या तारांबाबतचा इशारा एका कागदावर मावतो. तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर मोफत सेवा खऱ्या अर्थाने मोफत राहील आणि गरज नसलेल्या बूस्टरवर कुणाची मजुरी जाणार नाही.