भंगारातली टाकी, दाबातली हवा

स्वयंपाकघरातून बाद झालेला गॅसचा सिलिंडर, मोडक्या फ्रिजमधून काढलेला कंप्रेसर आणि हातभर रबरी नळी एवढ्या सामग्रीवर हवा भरण्याचे यंत्र उभे करणारे कारागीर आपल्या देशात जागोजाग आहेत. नवा कंप्रेसर ज्याला परवडत नाही, अशा रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने अथवा स्कूटर रंगविणार्‍याने ही युक्ती योजली, तर तिला अडाणीपणा म्हणून नाक मुरडणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तीत कल्पकता आहे आणि काटकसरही आहे. प्रश्न आहे तो ह्या काटकसरीची किंमत कोण मोजतो, हा.

युक्तीचे समर्थक म्हणतात की, टाकी मुळातच भक्कम असते. ते खोटे नाही. चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅसचा घरगुती सिलिंडर दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो दाबाची चाचणी देऊनच कारखान्याबाहेर पडतो. ट्रकच्या चाकाला फार तर सात-आठ किलो दाब लागतो आणि स्कूटरला दोन-अडीच. मग भय कशाचे? भय आहे ते पाण्याचे. सिलिंडरची पत्र्याची भिंत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि ती ज्या वायूसाठी घडविलेली असते तो प्रोपेन-ब्युटेनचा वायू कोरडा असतो, आतून लोखंडाला शिवत नाही. आपल्या किनारपट्टीवरील हवेची गोष्ट निराळी. आठ किलोपर्यंत दाबलेली दमट हवा आपल्यातील बहुतेक बाष्प टाकून देते. तेहतीस लिटरांची ही टाकी एकदा भरली की चमचाभर पाणी तिच्या तळाशी साचते. दिवसातून दहा-पंधरा वेळा भरली तर अर्धा पेला. ट्रकच्या हवेच्या ब्रेकसाठी जी टाकी असते तिला पाणी सोडण्यासाठी तळाशी तोटी ठेवलेली असते आणि ती उघडायची असते हे कोणताही जाणता चालक सांगेल. गॅसच्या सिलिंडरला अशी तोटी नाही, कारण तिची गरजच कोणी कल्पिली नव्हती. काही हिकमती कारागीर टाकी उलटी टांगून तोंडावाटे पाणी काढतात. त्याने पाणी जाईल, पण आत धरलेला गंज दिसणार नाही. बाहेरून लाल रंग चकचकीत असतो आणि आत तळ वर्षानुवर्षे पातळ होत जातो. पंचवीस किलोची ती चाचणी ज्या पत्र्याने दिली, तो पत्रा तेव्हा उरलेला नसतो.

अशी टाकी फुटते तेव्हा काय होते, हे सिलिंडरची तपासणी पाण्याने का करतात ह्यावरून कळावे. पाणी दाबाखाली फारसे आकसत नाही. त्यामुळे चाचणीत भांडे फाटले तरी पाणी गळते आणि दाब तत्क्षणी उतरतो. हवा मात्र आठ-नऊ पटींनी आकसून बसलेली असते. वाट मिळताच ती पत्र्यासकट उसळते. आणि टाकीशेजारी उकिडवा बसून चाक उघडणारा बहुधा मालक नसतो. पोटासाठी परमुलखातून आलेला एखादा पोरगेला मदतनीस असतो.

टाकीला भोक पाडताना वा वेल्डिंग करताना आतील उरल्यासुरल्या गॅसने पेट घेण्याचा धोका तर वेगळाच आहे.

कायदा ह्याविषयी अगदीच मुका नाही. सिलिंडरची पहिली फेरतपासणी दहा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी होते. तिची तिमाही ए, बी, सी, डी ह्या अक्षरांनी व वर्षाच्या आकड्याने मानेजवळच्या पट्टीवर रंगविलेली असते. नापास झालेला सिलिंडर चेपावा, किंवा त्याचे असे तुकडे करावेत की ते जोडून पुन्हा सिलिंडर होऊ नये, असा दंडक आहे. तरीही अख्खे सिलिंडर बाजारात मिळतात. वस्तुतः घरगुती सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसतोच; तो तेल कंपनीचा असतो आणि ग्राहकाची फक्त अनामत असते. ज्याने तो विकला त्याला विकण्याचा अधिकार नव्हता, मग विकत घेणार्‍याला तो कोठून येणार? दाबाच्या यंत्रांवर देखरेख ठेवण्याची तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमात होती, पण विजेवर चालणार्‍या कामाच्या जागी दहा कामगार असतील तरच तो लागू होई. 2020 च्या संहितेने ती मर्यादा वीसवर नेली. दोन माणसांचे गॅरेज तेव्हाही बाहेर होते, आता अधिकच दूर गेले.

म्हणून धाडी घालून टाक्या जप्त करणे एवढाच उपाय सरकारला सुचत असेल तर तो अपुरा आहे. जप्तीच्या दुसर्‍या दिवशी तो कारागीर दुसरी टाकी शोधील. त्याला हवा साठविण्यासाठीच घडविलेली, सुरक्षा-झडप, दाबमापक व तळाशी तोटी असलेली टाकी अल्प व्याजाच्या हप्त्यांवर मिळाली पाहिजे. पाण्याच्या चाचणीला हातपंप आणि दाबमापक पुरतो. तालुक्यातालुक्यांतील आयटीआय आणि फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही चाचणी नाममात्र शुल्कात करून देऊ शकतील, विद्यार्थ्यांनाही त्यात शिकण्यासारखे आहे. तेल कंपन्यांनी आपल्या विक्रेत्यांमार्फत भंगार दुकानांतील सिलिंडर परत गोळा करावेत. आणि परदेशी गेलेल्यांची जी घरे गावोगाव कुलूपबंद आहेत, त्यांच्या मालकांनी घर रिकामे करताना सिलिंडर भंगारात देऊ नये. पावती दाखवून तो विक्रेत्याकडे जमा केल्यास अनामतही परत मिळते.